हार्ट ठीक होतं, फुफ्फुसानं अडवलं (बाबांच्या वॉल्व्ह ऑपरेशनचा अनुभव)

बाबांचा मायट्रल वॉल्व्ह, म्हणजे हार्टमधली एक झडप, बदलायचा होता. त्यासाठी हार्ट थांबवावं लागते अन् तेवढा वेळ रक्त हार्ट-लंग मशीनवर फिरते, एवढं आधी सांगितलं होतं. आम्ही यवतमाळकडले खेड्यातले, ऑपरेशन नागपूरले. महात्मा फुले योजनेत बसलं, आरोग्यमित्रानं रेशन कार्ड अन् आधार पाहून कागदं करून दिले, त्यात काही त्रास नाही.

त्रास नंतर. ऑपरेशन चांगलं झालं म्हणे, पण घशातली व्हेंटिलेटरची नळी काही निघेना. 80 टक्के ऑक्सिजन देऊनही सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) 90 च्या वर जाईना, एक्स-रेत दोन्ही बाजू पांढऱ्याफटक. मले वाटलं हार्टच गेलं, पण ईकोत (हार्टच्या सोनोग्राफीत) हार्ट अन् नवा वॉल्व्ह दोन्ही बरोबर.

मग ड्युटीवरच्या मॅडमनं नीट सांगितलं. हार्ट-लंग मशीनच्या नळ्यांतून रक्त फिरलं की शरीर बिथरते, पांढऱ्या पेशी चवताळून फुफ्फुसात जाऊन अडकतात, बारीक रक्तवाहिन्या झिरपतात अन् पाणी साचते, वरून मशीन चालू असताना फुफ्फुसं पडूनच असतात, हवा नाही अन् रक्त नावापुरतं. थोडंफार बहुतेकांना होते, काहींना जास्त. यावर रामबाण औषध नाही, सांभाळत राहायचं. व्हेंटिलेटरचा श्वास मुद्दाम लहान ठेवतात, किलोमागे 6 मिलीच्या आसपास, अन् ते वजनही उंचीवरून काढलेलं, कारण मोठ्या श्वासानं सुजलेलं फुफ्फुस अजून दुखावते. लॅसिक्स (लघवी वाढवायचं औषध) देऊन पाणी काढत होते ते वेगळंच.

बाहेर बसलेल्यानं "तब्येत कशी हाये" पेक्षा "आज ऑक्सिजन किती टक्क्यावर आणला" हे विचारावं, असं माझं मत. 80 चा 60, मग 40 झाला तेव्हा कुठं जिवात जीव आला.

नळी निघाल्यावर मेहनत बाबांची. छातीच्या हाडाले तारा, खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची. अन् तो फुफ्फुसाच्या व्यायामाचा स्पायरोमीटर, त्यात प्लास्टिकचे तीन गोळे, श्वास आत ओढून ते वर उचलायचे असतात, पण बाबा चूल फुंकल्यासारखे फुंकतच राहायचे, सिस्टरनं हसत हसत शिकवलं.

घरी वेचणीचा हंगाम, बैठकीत आढ्यापर्यंत कापूस, धूळ नको म्हटलं होतं म्हणून सगळा काकांकडे हलवला, चूलही मागच्या अंगणात नेली, मायनं कुरकुर केली पण नेली. आता दोन गोळे उचलतात, तिसरा हलत नाही. "तो खोटाच हाये बे," म्हणतात.