दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी

10 ऑक्टोबर 2008, शुक्रवार. आदल्या दिवशी दसरा झालेला, माझ्या कॉम्प्युटरवरचा झेंडू अजून सुकलाही नव्हता. मी तेव्हा मुंबईत एका बँकेच्या संशोधन विभागात होते. लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली बडी गुंतवणूक बँक बुडून 25 दिवस झाले होते, आणि मंदी जगात कुठे, किती आणि कोणत्या क्रमाने पोहोचेल याचं टिपण सोमवारी वरिष्ठांना द्यायचं होतं.

टिपण जवळपास तयार होतं. अमेरिकी घरकर्जांच्या रोख्यांत कुठल्या देशाच्या बँका किती अडकल्या आहेत, यावरून मी देश क्रमाने लावले होते, जास्त फटका बसेल तो वर. वर अमेरिका, ब्रिटन, आइसलँड. आइसलँडच्या तिन्ही मोठ्या बँका त्याच आठवड्यात सरकारच्या ताब्यात गेल्या होत्या, त्यामुळे माझी मांडणी मला पक्की वाटत होती. जपान बराच खाली होता. तिथली मित्सुबिशी यूएफजे ही बँक तर अमेरिकेच्या मॉर्गन स्टॅनले या बँकेत 9 अब्ज डॉलर घालायला निघाली होती! तळाला चीन आणि भारत.

सकाळपासून ट्रेझरीत, म्हणजे बँकेचा पैसा सांभाळणाऱ्या विभागात, धावपळ चालली होती. कॉल मनीचा, म्हणजे बँका एकमेकींकडून एका दिवसापुरते उसने घेतात त्या पैशाचा, दर 20 टक्क्यांच्या घरात गेला, सेन्सेक्स 800 अंकांनी कोसळला, रिझर्व्ह बँकेने सीआरआर, म्हणजे बँकांना ठेवींतला जो हिस्सा तिच्याकडे राखावा लागतो तो, दीड टक्क्याने खाली आणला. या गडबडीत दुपारी आमच्या कोल्हापूरच्या शाखेतून मॅनेजरांचा फोन आला. निर्यातदारांच्या पॅकिंग क्रेडिटचे, म्हणजे माल तयार करायला घेतलेल्या कर्जाचे, आकडे मी मागवले होते.

“मॅडम, आकडे पाठवतो, पण आधी ऐका. शिरोलीतल्या फाउंड्रीचे मालक समोर बसलेत. परवा खंडेनवमीला भट्टीची पूजा केली आणि आज तिसरी पाळी बंद केली बघा. चाळीस कंत्राटी पोरं घरी.”

“ऑर्डर रद्द झाली?”

“रद्द न्हाई, थांबवलीय. माल जर्मनीला जातो, ट्रकचं कास्टिंग, ओतीव भाग. आधी गोदामातला स्टॉक संपू दे, मग बघू म्हणालेत. कधी ते सांगत न्हाईत.”

त्या मालकांनी अमेरिकी रोखा आयुष्यात पाहिला नव्हता. त्यांच्या जर्मन गिऱ्हाइकाचाही त्याच्याशी संबंध नसावा. तरी भट्टी गार पडली होती.

फोन ठेवल्यावर मी कोष्टकाकडे बघत बसले. माणूस तेल, मीठ, औषध घेतच राहतो. ट्रक, गाडी, यंत्र मात्र पुढच्या वर्षावर ढकलतो, त्यातून कर्ज मिळेनासं झालं तर नक्कीच. ट्रकची विक्री थोडीशी घटली तरी कंपनी आधी गोदाम रिकामं करते, आणि तेवढे महिने कास्टिंगची मागणी शून्यावर येते. म्हणजे बँका कितीही स्वच्छ असोत, जो देश जगाला यंत्रं आणि गाड्या विकून जगतो त्याला हा घाव जास्त खोल बसणार. मी जपान आणि जर्मनी उचलून वर नेले. भारताच्या ओळीत कोल्हापूरच्या फाउंड्र्या आणि पुण्याचे वाहनांचे सुटे भाग वेगळे लिहिले, कारण देशाच्या सरासरीत ते दिसतच नव्हते.

वरिष्ठांना ते पटलं नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने दोनच दिवसांपूर्वी 2009 साठी जगाची वाढ 3 टक्के धरली होती, आणि एका शाखेच्या फोनवरून जपान हलवायचा का, असा त्यांचा रास्त सवाल होता. टिपणात माझा बदल तळटीप म्हणून गेला. नाणेनिधीचा आकडा नोव्हेंबरात 2.2 झाला, जानेवारीत 0.5, एप्रिलमध्ये शून्याच्याही खाली. फेब्रुवारी 2009 मध्ये जपानची निर्यात वर्षभरापूर्वीच्या जवळजवळ निम्म्यावर आली होती. त्या वर्षी जपान आणि जर्मनी दोघेही 5 टक्क्यांहून जास्त आकसले, अमेरिकेच्या साधारण दुप्पट. तळटीप खरी ठरल्याचा आनंद मला झाला नाही. त्या चाळीस पोरांच्या घरची दिवाळी तेव्हाच होऊन गेली होती.

पुढच्या खंडेनवमीच्या सुमारास मॅनेजरांनी आपणहून कळवलं की तिसरी पाळी पुन्हा सुरू झाली. चाळीसपैकी किती जण परत आले, मी विचारलं.

“निम्मे,” ते म्हणाले. “बाकीचे कुठं गेले, मालकांनाबी ठाऊक न्हाई.”