पुलमन: मालकही तोच, घरमालकही तोच

शिकागोच्या लोकल गाडीत डुलकी लागली आणि पुलमन गावाचं, १११व्या रस्त्याचं स्टेशन मागे गेलं. पुढच्या केन्सिंग्टनला उतरून उलटी चालत निघाले. ऑक्टोबरचा वारा कानात घुसत होता. एका वळणावर लाल विटांच्या घरांच्या रांगा सुरू झाल्या आणि थंडी विसरले. गाव इतकं नीटनेटकं असेल असं वाटलं नव्हतं.

रेल्वेचे आलिशान झोपण्याचे डबे बनवणाऱ्या जॉर्ज पुलमनने १८८० साली शिकागोच्या दक्षिणेला हे गाव वसवायला घेतलं. कारखाना, घरं, बाजार, चर्च, ग्रंथालय, नाटकगृह, सगळं कंपनीचं. वास्तुविशारद सोलोन बेमन तेव्हा ऐन पंचविशीतला. विटा जवळच्या कॅल्युमेट तलावाच्या चिखलाच्या. कारखाना चालवायला आणलेलं प्रचंड कॉर्लिस वाफेचं इंजिन १८७६च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात लोकांनी तोंडात बोट घालून पाहिलं होतं. घरोघरी नळ आणि गॅस. मैलापाणी पंपाने दूरच्या शेतावर, तिथे भाजीपाला. शिकागोतल्या गलिच्छ वस्त्यांतून आलेल्या बाईला पहिल्यांदा नळ सोडताना काय वाटलं असेल!

पण घर विकत मिळायचं नाही. ग्रंथालयाला वर्गणी. गावात दारूचा गुत्ता एकच, तोही पुलमनच्या मुलीच्या नावाच्या फ्लोरेन्स हॉटेलात, म्हणजे पाहुण्यांसाठी. हिरव्या दगडाचं चर्च इतकं देखणं की भाडं कुठल्याच पंथाला परवडेना. ते बरेच दिवस रिकामं पडलं होतं. देवाच्या घरालाही भाडं लावणारा माणूस, यावर मी एकटीच रस्त्यात हसले.

घड्याळाच्या मनोऱ्याच्या इमारतीत आता संग्रहालय आहे. १९९८ साली कुणीतरी तिला आग लावली होती. पुढे ती पुन्हा उभी केली. तिथले एक आजोबा प्रत्येकाला विचारत होते, ‘घर दाखवलं तर राहाल का?’ मी लगेच हो म्हटलं. ते म्हणाले, ‘पगार किती ते विचारलं नाहीत.’

१८९३ची मंदी आली. डब्यांची मागणी आटली, पगार साधारण चौथ्या हिश्श्याने कापले. भाडं मात्र जसंच्या तसं, आणि ते आजूबाजूच्या वस्त्यांपेक्षा आधीच वीस-पंचवीस टक्के चढं. भाडं वळतं झाल्यावर काहींच्या हातात अक्षरशः काही सेंट उरायचे. भागधारकांचा लाभांश मात्र चुकला नाही. मालक म्हणणार, पगाराचा आणि भाड्याचा काय संबंध? कामगाराच्या घरात मात्र दोन्ही एकाच ताटात वाढलेलं.

११ मे १८९४ला संप झाला. २६ जूनपासून युजीन डेब्जच्या अमेरिकन रेल्वे युनियनने पुलमनचे डबे जोडलेल्या गाड्यांवर बहिष्कार टाकला आणि शिकागोहून पश्चिमेकडची वाहतूक कोलमडली. टपाल अडतंय म्हणून राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंडने इलिनॉयच्या गव्हर्नरचा विरोध असतानाही सैन्य पाठवलं. गंमत बघा, बहिष्काराच्या तिसऱ्याच दिवशी, २८ जूनला, त्याच क्लीव्हलंडने कामगार दिनाच्या राष्ट्रीय सुट्टीवर सही केली होती. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८९०मध्ये गिरण्यांची रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली, ती सभा भरवून, अर्ज करून. इथे एका हाताने सुट्टी, दुसऱ्या हाताने बंदूक. डेब्ज सहा महिने तुरुंगात गेला.

डेब्जचाही मला पूर्ण कैवार घेववत नाही. पुलमनच्या डब्यांत प्रवाशांची गादी घालणारे, बूट चमकवणारे पोर्टर बहुतेक कृष्णवर्णीय. प्रवासी त्यांना सरसकट ‘जॉर्ज’ म्हणून हाक मारायचे, मालकाच्या नावाने. डेब्जच्या युनियनचं सभासदत्व फक्त गोऱ्यांना होतं. ए. फिलिप रँडॉल्फच्या नेतृत्वाखाली पोर्टरांनी १९२५ साली आपली संघटना उभारली आणि १९३७ साली कंपनीला करारावर सही करायला लावली.

बाहेर आले तर घरांच्या पायऱ्यांवर भोपळे मांडलेले. एक बाई पानं झाडत होत्या. दारांचे रंग वेगवेगळे. १८९८मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला हे गाव विकून टाकायला सांगितलं, त्यानंतर ही घरं एकेक करून लोकांची झाली.

तो निकाल ऐकायला पुलमन नव्हता. १८९७ साली तो गेला. कामगार प्रेत उकरतील या धास्तीने त्याची पेटी काँक्रीट आणि पोलादात गाडली. ते थडगं शहराच्या पार उत्तरेला, ग्रेसलँड स्मशानात आहे. मैत्रिणीचा फोन आला, उद्या बघायला जायचं का? म्हटलं जाऊ, पण आधी मला कुठे चहा मिळेल ते सांग.