झाडझाडोऱ्यासह

दुपारी आजीचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, काढलं ते वाचायला नव्हे, सातबारा शोधायला. आमच्याकडे कागद सापडेना की आधी तिथे बघतात, मग कपाटात. आजीला जाऊन बारा वर्षं झाली, सवय काही गेली नाही. काळं रेक्झिन, त्यावर रबर, आत लग्नपत्रिका, रेशनकार्डाची झेरॉक्स, खताच्या दुकानाची पावती. उतारा निघाला उत्पत्तीच्या 23व्या अध्यायात. आजीने मुद्दाम ठेवला होता की हाताला लागलं त्या पानात कोंबला, आता कोण सांगणार. मी उभ्याउभ्याच वाचायला लागले.

अब्राहामाची बायको सारा 127 वर्षांची होऊन हेब्रोनला वारली. तोवर देवाने अब्राहामाला देश देऊन झालाय, तोही पुन्हा पुन्हा. मिसरच्या नदीपासून फरात नदीपर्यंत, हद्दी सांगून. आणि बायकोला मूठमाती द्यायला म्हाताऱ्याकडे हातभर जागा नाही! मग तो वेशीत जातो, हित्ती लोकांपुढे वाकतो, मी उपरा आहे म्हणतो आणि मकपेलाची गुहा मागतो. मालक एफ्रोन. छे छे, पैसे कसले, तशीच घ्या! आणि लगेच, जाता जाता, 400 शेकेल चांदीची तर जमीन, तुमच्या-आमच्यात तेवढ्याचं काय? आजी हे आमच्या गावच्या एका जमीन दलालाच्या आवाजात वाचायची. आम्ही पोरं त्यासाठीच थांबायचो. अब्राहाम घासाघीस करत नाही, चांदी तोलून देतो. पुढे यिर्मया संदेष्ट्याने अनाथोथचं शेत 17 शेकेलांत घेतलं. म्हणजे एफ्रोनने कापलंच म्हणायचं.

देवानं दिलेली जमीन परत विकत कशाला घ्यायची, असं मी एकदा विचारलं होतं. आजी म्हणाली, "देवानं दिली म्हणून काय झालं, खरेदीखत नको का?" तिचं बोट पुढच्या ओळीवर. शेत, गुहा आणि हद्दीतली सगळी झाडं अब्राहामाच्या नावे झाली, वेशीतल्या लोकांदेखत. "झाडं लिहिलीत बघ," म्हणायची. जुन्या कागदांतलं 'जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेप' तिला पाठ होतं, दावीदाच्या स्तोत्रांइतकंच.

'वतन' शब्दावर मात्र ती अडायची. "जे सौम्य ते धन्य, कारण ते पृथ्वीचे वतन भोगतील." तिच्या सासऱ्यांकडे महारकीचं वतन होतं. म्हणजे सांगावे नेणं, मेलेली ढोरं ओढणं, रात्री-अपरात्री चावडीवर उभं राहणं, आणि बदल्यात माळाचा तुकडा. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबईच्या कौन्सिलात त्यावर बिल आणलं. वतनं गेली ती 1958च्या कायद्याने. "पृथ्वीचं वतन?" आजी चष्मा काढून म्हणायची, "नको बाई. एका गावाचंच झेपलं नाही."

तोच माळ आमच्या उताऱ्यावर, भोगवटादार वर्ग 2. परवानगीशिवाय विकायचा नाही. बायबलातल्याच लेवीय पुस्तकाच्या 25व्या अध्यायात देव सगळ्या इस्राएलालाच वर्ग 2 करून टाकतो: जमीन माझी आहे, कायमची विकू नका, 50व्या वर्षी ज्याची त्याला परत. हे आजीला सांगायचं राहिलं. हसली असती.

मकपेला अजून आहे. वरच्या इमारतीत एकीकडे मशीद, एकीकडे सिनेगॉग, दारं वेगवेगळी, बाहेर बंदुका. एवढी चांदी तोलून, एवढ्या साक्षीदारांसमोर घेतलेली जागा! अब्राहाम गेला तेव्हा त्याला तिथे पुरलं ते इसहाक आणि इश्माएल, दोघा पोरांनी मिळून. उत्पत्तीच्या 25व्या अध्यायात आहे, जेमतेम एका ओळीत.

तलाठ्याकडे न्यायला झेरॉक्स काढली, आणि मूळ उतारा दोन पानं पुढे सरकवून ठेवला.