आधी टोमॅटो बदलला

माझं काम कारखान्यांत रोबो बसवायचं. रोबो बनवणारी मंडळी वेगळी. तो फाउंडेशनवर बोल्ट झाला की पुढचं माझ्याकडे येतं: टीच पेंडंट (रोबोला हालचाली शिकवायचा हातातला रिमोट) घेऊन त्याला एकेक पॉइंट शिकवायचा, पीएलसीशी, म्हणजे लाइन चालवणाऱ्या संगणकाशी, त्याचं जमवून द्यायचं, कुंपणाचं दार उघडलं की तो जागच्या जागी थांबतो ना ते पुन्हा पुन्हा बघायचं, आणि लाइन प्रॉडक्शनच्या ताब्यात देऊन निघायचं. त्यामुळे ओळखीचं कोणीही भेटलं की प्रश्न ठरलेला. "तुमचे रोबो सगळ्यांच्या नोकऱ्या खाणार ना?" हल्ली त्याला शेपूटही असतं: "आता शेतीतही येणार म्हणे!"

यावर मी रोबोबद्दल बोलतच नाही. रोबो किती हुशार झालाय यावरून तो कधी येणार ते कळत नाही. काम किती सोपं करून ठेवलंय, त्यावरून कळतं.

आमच्या धंद्यातलं सगळ्यात साधं काम घ्या, पॅलेटायझिंग. कन्व्हेयरवरून खोकी येतात, ती पॅलेटवर, म्हणजे लाकडी फळ्यांच्या चौकटीवर, रचायची. एका पॅकिंग लाइनवर हे काम करणाऱ्या बाईंना मी बराच वेळ बघत उभी होते. (सेल, म्हणजे कुंपणातला रोबो आणि त्याची जोडयंत्रं, बसवण्याआधी माणसाचं काम बघणं हा आमच्या कामाचाच भाग.) खोकं हाताला हलकं लागलं की त्या ते बाजूला ठेवायच्या. टेप सुटली असेल तर जाता जाता अंगठ्याने दाबायची. पॅलेटची फळी मोडकी दिसली की त्या कोपऱ्यावर भार येणार नाही असं रचायचं. प्रत्येक थराला खोक्यांची दिशा फिरवायची, म्हणजे ती एकमेकांना धरून बसतात. आणि हे सगळं चालू असताना शेजारणीशी गप्पा. त्यांच्या कामाच्या वर्णनात यातलं काही नव्हतं. तिथे एकच शब्द होता, 'स्टॅकिंग'.

रोबोला यातलं काहीही आलं नाही, आणि शिकवायच्या भानगडीतही कोणी पडलं नाही. त्याऐवजी पुठ्ठा बदलला, कारण जुन्या पुठ्ठ्याच्या धुळीमुळे रोबोचे खोकं ओढून धरणारे सक्शन कप पकड सोडत होते. खोक्यांची मापं कमी केली. टेपिंग मशीन नवीन आलं. हलकं खोकं पकडायला लाइनवर वजनकाटा बसला. मोडकी पॅलेट आत येऊच नयेत म्हणून गेटवर तपासणी सुरू झाली. खोकं दर वेळी त्याच ठिकाणी, त्याच बाजूने येऊन थांबावं म्हणून गाइड रेल लागल्या. एवढं सगळं झाल्यावर मी येऊन रोबो चालू केला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खरं तर तोवर काम इतकं उरलंच नव्हतं की त्याला हुशारी लागावी.

शेतीत नेमकं हेच झालंय, आणि ते आजचं नाही.

कॅलिफोर्नियातल्या टोमॅटोची गोष्ट मला या बाबतीत फार महत्त्वाची वाटते. डबाबंद करण्यासाठीचा टोमॅटो तिथे हाताने तोडला जायचा, आणि त्यासाठी मेक्सिकोतून हंगामी मजूर यायचे. तोडणीचं यंत्र करायचं ठरलं तेव्हा अडचण यंत्राची नव्हती, टोमॅटोची होती. एका झाडावरची फळं वेगवेगळ्या दिवशी पिकायची, आणि नरम असल्यामुळे यंत्राच्या पट्ट्यांवर फुटायची. मग तिथल्या विद्यापीठात डेव्हिसला दोघांनी दोन टोकांकडून काम केलं. कोबी लोरेंझन यंत्रावर, आणि जॅक हॅना टोमॅटोवर. हॅनांनी असं वाण काढलं की फळं एकदम पिकावीत, साल जाड असावी, देठ सहज सुटावा आणि आपटलं तरी चालावं. यंत्राला निवडून तोडता येत नव्हतंच. ते अख्खं झाड कापून उचलायचं आणि हलवून फळं पाडायचं.

1964 संपताना मेक्सिकन मजुरांना आणणारा सरकारी कार्यक्रम बंद झाला आणि यंत्र झपाट्याने पसरलं. सुरुवातीला त्या यंत्रावरच बायामाणसं उभी असायची, कच्चा माल आणि ढेकळं वेचून काढायला. सत्तरच्या दशकात इलेक्ट्रॉनिक सॉर्टर आले आणि त्यांचीही गरज कमी झाली. त्या दशकाच्या शेवटापर्यंत अंदाजे 32,000 रोजगार गेले असं मानलं जातं. पण मला जास्त टोचतो तो दुसरा आकडा. साठच्या दशकाच्या सुरुवातीला टोमॅटो पिकवणारे शेतकरी सुमारे 4,000 होते, 1973 पर्यंत उरले सुमारे 600. म्हणजे नुसता मजूर गेला नाही, मालकही गेला. यंत्र परवडायला जमीन मोठी लागत होती, लहान शेतकऱ्याने टोमॅटोच सोडला. उत्पादन मात्र वाढलं. 1979 मध्ये शेतमजुरांच्या बाजूने विद्यापीठावरच खटला भरला गेला, की सार्वजनिक पैशातून केलेलं संशोधन मूठभर मोठ्यांच्याच कामी येतंय. वरच्या कोर्टात तो टिकला नाही. प्रश्न मात्र अजून जसाच्या तसा आहे.

'रोबो आले की मजूर जातील, शेतकरी सुखी होईल' असं कोणी म्हणालं की मी हे 4,000 आणि 600 त्याच्यापुढे ठेवते.

दूध काढणाऱ्या रोबोचंही तसंच. 1992 मध्ये नेदरलँड्समध्ये पहिले असे रोबो गोठ्यात बसले. गाय आपली आपण येते, गळ्यातल्या टॅगवरून यंत्र तिला ओळखतं, हात कासेखाली जातो, लेझरने सड शोधतो आणि कप लावतो. ऐकायला किती छान. पण ज्या गाईच्या सडांची ठेवण वेडीवाकडी, ती या गोठ्यात बसत नाही. म्हणून आता पैदाशीसाठी वळू निवडताना त्याच्या मुलींच्या सडांची ठेवणही बघतात. फळबागांतही झाडं तारेवर सपाट भिंतीसारखी वाढवायला लागलेत, म्हणजे कॅमेऱ्याला फळ दिसतं आणि रोबोच्या हाताला फांदी आडवी येत नाही. जिथे अशा बागा लावायला घेतल्या तिथे काही वर्षांनी काय येणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

आणि जिथे काम असं छाटून देता येत नाही, तिथे रोबो अजून धडपडतोच आहे. रोबोंचे अभ्यासक हान्स मोरावेक यांनी 1988 मध्येच लिहून ठेवलंय की बुद्धिमत्तेच्या चाचण्यांत किंवा सोंगट्यांच्या खेळात संगणकाला मोठ्या माणसाच्या तोडीचं करणं त्या मानाने सोपं, पण एका वर्षाच्या बाळाची बघण्याची आणि हलण्याची समज त्याला देणं महाकठीण. पानाआड लपलेली स्ट्रॉबेरी न चिरडता खुडणं हे त्या दुसऱ्या प्रकारातलं. सफरचंद हवेच्या दाबाने ओढून घेणारा रोबो बनवणारी अबंडंट रोबोटिक्स ही कंपनी 2021 मध्ये बंद पडली. यात तंत्राइतकाच हंगामाचा हिशेब आडवा येतो. मी बसवलेला रोबो तीन शिफ्टमध्ये वर्षभर राबतो, तेव्हा कुठे त्याचे पैसे वसूल होतात. फळं तोडणाऱ्याचा हंगाम काही आठवड्यांचा, उरलेलं वर्ष तो शेडमध्ये उभा.

म्हणूनच शेतीत आधी येताहेत ती लांबलचक, सपाट, एकसुरी कामं. जॉन डिअरने 2022 च्या जानेवारीत ड्रायव्हरशिवाय चालणारा ट्रॅक्टर दाखवला, कॅमेऱ्यांच्या सहा जोड्या लावलेला, तो नांगरटीच्या कामासाठी. फवारणीचं तर जुनंच आहे: जपानमध्ये यामाहाचं विनाचालक हेलिकॉप्टर 1980 च्या दशकापासून भातावर औषध मारतंय. तिथे कोणाची नोकरी हिरावली म्हणून ओरड झाली नाही, कारण शेतकरीच म्हातारे झालेत आणि मागे करायला कोणी नाही. तणावर नेमकी फवारणी करणारे कॅमेरेही मला मनापासून आवडतात. पाठीवर पंप घेऊन औषधाच्या फवाऱ्यात दिवसभर चालणं हे काम माणसाकडे राहावं असं म्हणणाऱ्याने ते आधी एक दिवस करून बघावं.

मग एकूण किती नोकऱ्या जाणार? 2013 मध्ये ऑक्सफर्डचे अभ्यासक फ्रे आणि ऑसबर्न यांनी सांगितलं, अमेरिकेतल्या 47 टक्के नोकऱ्यांना मोठा धोका. 2016 मध्ये ओईसीडी या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या संघटनेसाठी झालेल्या अभ्यासाने सांगितलं, 9 टक्के. फरक एवढाच की पहिल्यांनी अख्खा व्यवसाय धरला, दुसऱ्यांनी त्या व्यवसायातल्या माणसाची रोजची एकेक कामं सुटी करून बघितली. त्या पॅकिंग लाइनवरच्या बाईंना बघितल्यामुळे माझं मत साहजिकच दुसऱ्यांकडे झुकतं. पण त्यातही एक मेख आहे. सुटी कामं मोजताना ती आज आहेत तशीच राहतील असं धरलंय, आणि आमचा सगळा धंदाच ती तशी न राहू देण्याचा.

जेम्स बेसेन या अभ्यासकाने 1950 च्या अमेरिकी जनगणनेतले 270 व्यवसाय तपासले, तर ऑटोमेशनमुळे पुरता नाहीसा झालेला एकच निघाला: लिफ्ट चालवणारा. हे उदाहरण आमच्या क्षेत्रातले लोक सभांमध्ये मोठ्या आनंदाने देतात. मीही दिलंय. पण टोमॅटो पिकवणारा शेतकरी हा व्यवसायही कॅलिफोर्नियात नाहीसा झालेला नाही, 600 जण होतेच की.

कारखान्यात हे कसं होतं ते मी जवळून बघते. रोबोचा प्रस्ताव करताना एक तक्ता असतो, किती दिवसांत पैसे वसूल होणार त्याचा. त्यात 'वाचलेलं मनुष्यबळ' ही ओळ असते आणि सगळा हिशेब तिच्यावर उभा असतो. ती माणसं पुढे कुठे जाणार याची ओळ नसते. मी पहिल्याच मीटिंगमध्ये ते विचारते. माझा अधिकार नाही, पण विचारते. कधी नीट उत्तर मिळतं. एका ठिकाणी लाइनवरच्या दोघींना सेल ऑपरेटर म्हणून तयार करायचं ठरलं होतं, आणि मी स्वतः त्यांना फॉल्ट रीसेट करायला, सक्शन कप बदलायला शिकवलं. दोघी झटकन शिकल्या. खोकं तिरकं का येतंय हे त्यांना माझ्याआधी कळायचं.

बाकीच्यांचं काय, असं विचारलं तर मॅनेजर म्हणाले, "कुणालाच काढलं नाही, मॅडम. ते कॉन्ट्रॅक्टरचे लोक होते." आणि ते खोटं बोलत नव्हते. कंपनीच्या रजिस्टरमध्ये ती माणसं कधी नव्हतीच, मग कमी कुठून होणार? कॉन्ट्रॅक्टरने त्यांना पुढच्या महिन्यात बोलावलं नाही, एवढंच. हंगामी शेतमजुराचंही असंच असतं. त्याला कोणी नोकरीवरून काढत नाही, पुढच्या तोडणीला निरोप येत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी मला ऑटोमेशनने किती नोकऱ्या गेल्या किंवा वाचल्या याचा आकडा सांगितला, तर मी आधी विचारणार आहे की तो कुठल्या रजिस्टरवरून काढलाय, आणि त्यात कॉन्ट्रॅक्टरचे लोक धरलेत का.