ऑगस्टची श्रीलंका: ठाणे-नवी मुंबई वन्यजीव छायाचित्रण गटाची तयारी, जुलैअखेरची नोंद

मार्ग आता पक्का आहे: कोलंबोहून सिंहराजाचं वर्षावन, मग उडवलवे, 'याला' आणि शेवटी वर मिन्नेरिया ही राष्ट्रीय उद्यानं. विल्पट्टू या खेपेला गाळलं. ते बेटावरचं सर्वांत मोठं राष्ट्रीय उद्यान, तिथल्या 'विल्लू' नावाच्या नैसर्गिक तळ्यांकाठी बिबट्या छान दिसतो, पण ते वायव्येला आहे. या मार्गात ओढूनताणून बसवलं तर अर्धा वेळ गाडीतच जाईल.

ऑगस्ट का, हे नव्यांसाठी पुन्हा एकदा. जुलै ते सप्टेंबर ताडोब्याचा कोअर भाग बंद, त्यामुळे पावसाळा म्हणजे सफारी नाही हे आपल्या डोक्यात घट्ट बसलंय. श्रीलंकेत नैर्ऋत्य मोसमी वारे आपलं पाणी बेटाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात आणि मधल्या डोंगरांवर टाकतात; पलीकडे पोचतात तेव्हा ते कोरडे असतात. याला आणि मिन्नेरिया त्या कोरड्या पट्ट्यात. तिथला मोठा पाऊस ऑक्टोबरनंतर ईशान्येकडून येतो, म्हणून मे ते सप्टेंबर पाणवठे आटत जातात आणि जनावरं उरलेल्या पाण्याशी गोळा होतात. सिंहराजा मात्र ओल्या बाजूला. जानेवारी ते मार्च तिथे उत्तम, मधल्या काळात ऑगस्टमध्ये जरा उघडीप मिळते. सप्टेंबरवर ढकलू नका: दुष्काळामुळे यालाचा 'ब्लॉक १' हा विभाग साधारण सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद ठेवतात.

या निवडीत अस्वल हुकण्याची शक्यता जास्त. मे ते जुलै 'पालू' म्हणजे आपली खिरणी पिकते तेव्हा अस्वलं झाडावर चढून बसतात. ऑगस्टमध्ये तो हंगाम सरत आलेला असतो. ज्यांना अस्वलच हवंय त्यांनी जूनअखेर वेगळं जावं.

मिन्नेरियाबद्दल सावध. तलाव आटला की उघड्या पडलेल्या गाळात कोवळं गवत येतं आणि त्यासाठी हत्ती जमतात. वरून पाणी सोडून तलाव भरलेला ठेवला तर गवत बुडतं आणि कळप शेजारच्या कौडुल्ला किंवा हुरुलूच्या जंगलाकडे सरकतात. म्हणून उद्यान आदल्या संध्याकाळी ठरवायचं, स्थानिक जीपवाल्याला "आज कळप कुठे होते?" एवढंच विचारा. सुळेवाल्या नराची वाट पाहू नका, तिथे सुळेवाले नर दहात एकापेक्षाही कमी. हत्तींची खात्री हवी तर उडवलवे. तिथे बाराही महिने दिसतात.

सरावाचं सांगायचं तर उडत्या पक्ष्यामागे कॅमेरा फिरवण्याचा सराव एप्रिल-मेमध्ये ऐरोलीच्या बोटीतून झाला. ती भरतीच्या वेळेनुसार सुटते आणि इंजिनची थरथर जीपसारखीच असते. रोहितांसाठी (फ्लेमिंगो) शटरचा वेग १/१२५० सेकंदाच्या खाली आलं की पंखांची टोकं पुसट होतात. आता पावसात येऊरचं जंगल. दाट पानांखालचा अंधार सिंहराजाच्या जवळ जाणारा: शटर १/२००, आयएसओ ६४००, आणि तरी हिस्टोग्राम डावीकडेच, म्हणजे फोटो काळपटच.

येऊरचा खरा उपयोग पक्ष्यांच्या मिश्र थव्यासाठी. इथे भृंगराजाच्या मागे निखार, सुभग, चष्मेवाला येतात. सिंहराजात हे काम नारिंगी चोचीचे सातभाई आणि शेंडीवाला कोतवाल करतात. त्यांचा कलकलाट कानावर आला की थांबायचं. थव्यामागे धावलं की तो पुढे पळतो. त्याच्या वाटेत पुढे जाऊन उभं राहायचं आणि मान वर ठेवायची, कारण लाल तोंडाचा मालकोहा हा पक्षी शेंड्याजवळून सरकतो. आपले बरेच जण पहिल्या दिसलेल्या पक्ष्यावर कॅमेरा रोखून बसतात. तेवढ्यात अख्खा थवा निघून जातो.

लेन्स टेकवायची बीनबॅग जुन्या जीन्सच्या पायाची, ३० बाय २० सेंमी, चेनवाली. रिकामी न्यायची, तिथे दीड किलो तांदूळ घ्यायचे. पाऊणच भरा, गच्च भरली की लेन्स वरून घसरते. तिथल्या उघड्या जीपला काच नाही, नुसता गोल दांडा, म्हणून पिशवीला दोन नाड्या शिवून दांड्याला बांधा. तांदूळ सिंहराजानंतर घ्या, त्या दमट हवेत गोळे होतात.

जळवांसाठी मांजरपाटाचे गुडघ्यापर्यंतचे मोजे शिंप्याकडे टाकलेत. विणलेल्या मोज्यांतून जळू सहज आत शिरते. पँट आत, वर नाडी, त्यावर बूट.

लेन्सवर वाफ धरते ती एसीच्या खोलीतून थेट बाहेर काढल्यावर. बॅग बंदच ठेवून अर्धा-पाऊण तास आधी व्हरांड्यात ठेवा. तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर घ्या. ड्रोन घरीच.

बाकी राहिलंय जीपचं. प्रवेश तिकीट, सेवा शुल्क, कर आणि जीपचं भाडं हे आकडे वेगवेगळे विचारा. "सगळं मिळून" सांगितलेल्या रकमेत तिकीट बहुधा नसतं. एका जीपमध्ये चौघंच. यालात बिबट्या दिसला की चालकांमध्ये निरोप फिरतात आणि जीपची रांग लागते, म्हणून चालकाला आधीच बजावायचं: गर्दीकडे न्यायचं नाही, कातळाजवळच्या पाणवठ्यावर इंजिन बंद करून थांबायचं. हे कबूल नसेल तर दुसरी जीप.