तुम्ही विचारलंत म्हणून: आपोआप जुळणारं रबर मशिनखाली का दिसत नाही?

मशिनचे हादरे गिळणाऱ्या रबरावरच्या माझ्या कामाबद्दल सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "कापलं तरी जुळणारं रबर तयार झालंय ना, मग पंपाखाली बसवायला का मिळत नाही?"

जुळतं हे खरं. पॅरिसमध्ये लुडविक लाइब्लर यांच्या गटाने 2008 साली वनस्पती तेलातली फॅटी आम्लं आणि युरिया वापरून असं रबर केलं. ताजे काप एकमेकांना टेकवले की खोलीच्या तापमानालाच जुळतात. त्यातले रेणू हायड्रोजन बंधांनी धरलेले असतात, आणि ते बंध सुटून पुन्हा लागतात. नेहमीच्या व्हल्कनाइझ केलेल्या रबरात गंधकाचे पक्के बंध. एकदा चिरलं की ते भंगारात.

हादरा गिळायलाही अशीच सैल हालचाल लागते. साखळ्या एकमेकींवर घासतात आणि कंपनाची ऊर्जा उष्णता होऊन जाते. किती जाते ते टॅन डेल्टावरून (गिळलेल्या आणि परत दिलेल्या ऊर्जेच्या गुणोत्तरावरून) कळतं, 0.3 च्या वर असेल तर माल कामाचा. तापमान बदललं की हा आकडाही हलतो, ती वेगळीच डोकेदुखी.

घोडं पेंड खातं ते वजनापाशी. माउंटवर, म्हणजे मशिनखालच्या रबरी आधारावर, मशीन रात्रंदिवस उभं असतं. बंध सुटत-लागत राहिले की रबर सावकाश पसरतं. रबराची चकती पाव भागाने दाबून 70 अंशांवर 22 तास ठेवतात आणि सोडल्यावर किती दबलेलीच राहते ते मोजतात. त्याला कॉम्प्रेशन सेट म्हणतात. सुरेख जुळणारी चकती इथे भाकरीसारखी चपटीच राहते.

म्हणून माझा कल व्हिट्रिमर नावाच्या पॉलिमरकडे. तेही लाइब्लर यांच्याच गटाचं, 2011 मधलं. त्यातले बंध जागा बदलतात, पण चांगलं तापवल्यावरच. रोजच्या कामात माउंट घट्ट राहतं. चीर पडली की काढायचं, तापवून दाबायचं. अर्थात याला "आपोआप" म्हणणं जाहिरातवाल्यांनाच जमेल.

कच्चा माल मात्र घरचा मिळू शकतो. एरंडेल आहे, आणि कोकणात काजूच्या टरफलांतून निघणारं, हात भाजणारं तेलही आहे. त्यातल्या कार्डॅनॉलच्या रेणूला लांब शेपूट असते, त्यामुळे माल लवचीक होतो. ब्रेक लायनिंगमध्ये या तेलापासून केलेली भुकटी कित्येक वर्षं वापरात आहे. पण तेल काजूचं आणि त्याला बांधणारं रसायन पेट्रोलियमचं असेल, तर हिरवा शिक्का मारताना मी जरा थांबते.

तर कोणी ब्लेडने कापून जोडल्याचा व्हिडिओ पाठवला, तर त्यांना कॉम्प्रेशन सेटचा आकडा विचारा.