आमची वाटचाल: कडुलिंबाखालची बारा टेबले

पुण्यातील एका जुन्या बंगल्याचा तळमजला आम्ही इटालियन उपाहारगृहासाठी भाड्याने घेतला, तेव्हा मालकांनी अंगण जवळजवळ फुकटच दिले होते. आतल्या दिवाणखान्यात जेमतेम चार टेबले मावत होती आणि बाहेर शहाबादी फरशीचे, मधोमध कडुलिंब असलेले मोठे अंगण होते. इटालियन जेवणासाठी पुण्याचा माणूस एप्रिलच्या उकाड्यात वातानुकूलित खोली सोडून बाहेर का बसेल, असे आम्हाला अनेकांनी विचारले आणि प्रश्न रास्त होता. माझे पती मात्र सात वर्षे जहाजावरच्या स्वयंपाकघरात काम करून आले होते आणि इटलीतील जिनोआच्या बंदरात जहाज लागले की संध्याकाळी रस्त्यावर मांडलेल्या टेबलांशी बसून जेवण्याची चटक त्यांना लागली होती. इंग्रजी बोलणारे अशा जेवणाला 'आल फ्रेस्को' म्हणतात. इटलीत मात्र हेच शब्द बोलीभाषेत तुरुंगवासासाठी वापरले जातात, ही गोष्ट ते प्रत्येक नव्या वाढप्याला आवर्जून सांगतात.

जिनोआचा उन्हाळा आणि पुण्याचा उन्हाळा यांत एक मूलभूत फरक आहे, तो समजायला आम्हाला पहिला हंगाम घालवावा लागला. तिकडे जूनमध्ये सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, त्यामुळे लोक उजेडात जेवायला बसतात आणि अंधार पडता पडता उठतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत सातच्या सुमारास सूर्य मावळतो, दिवसभर चाळिशीला टेकलेला पारा हळूहळू उतरू लागतो आणि घाटावरून पश्चिमेचा वारा शहरात येतो. म्हणजे आमचा खरा व्यवसाय सूर्यास्तानंतरच्या साडेतीन तासांचा. ते एकदा मान्य केल्यावर आम्ही मार्च ते मे दुपारचे जेवण बंदच केले आणि तो निर्णय आजही बदललेला नाही.

वारा कोणत्या दिशेने येतो हे ठाऊक असूनही आम्ही एक चूक केली, जी सांगायला आजही संकोच वाटतो. लाकडावर चालणारी पिझ्झाची भट्टी आम्ही हौसेने अंगणाच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात बांधली, कारण प्रवेशद्वारातून येणाऱ्याला ती समोर दिसावी अशी इच्छा होती. पहिल्याच शनिवारी संध्याकाळचा वारा सुटला आणि भट्टीचा धूर बाराही टेबलांवरून फिरून मगच कुंपणाबाहेर गेला. एक आजोबा डोळे पुसत म्हणाले, "ताई, पिझ्झा उत्तम आहे, पण आम्हाला चुलीपाशी का बसवलंत?" तीन आठवड्यांत ती भट्टी फोडून पूर्वेच्या भिंतीलगत पुन्हा बांधावी लागली आणि त्या वर्षीची सगळी शिल्लक विटांमध्ये गेली.

फरशीचे प्रकरणही असेच. शहाबादी दगड दिवसभर ऊन पितो आणि रात्री नऊपर्यंत ते परत करत राहतो, त्यामुळे वारा थंड असला तरी पाहुण्यांच्या पायांना धग लागत असे. सुरुवातीला आम्ही सहा वाजता पाणी शिंपडत होतो. परिणाम असा झाला की लोक बसायला येण्याच्या वेळेस फरशीतून वाफ निघू लागली आणि अंगण अधिकच दमट झाले. सडा चार वाजता घालायचा, तोही फरशी पूर्ण भिजेल असा, आणि त्याआधी सकाळपासून अंगणावर हिरवी शेडनेट ताणून ऊन अडवायचे, हा क्रम ठरायला दोन उन्हाळे लागले. पाण्याचे तुषार उडवणारे पंखे आम्ही महिनाभर भाड्याने आणून पाहिले. त्यांनी ब्रेड मऊ पडतो आणि चष्मे ओले होतात. त्याऐवजी साधे पंखे टेबलांखाली पायांकडे वारा जाईल असे ठेवले, की डासही बसत नाहीत आणि ताटातला पास्ताही गार होत नाही. चैत्रात कडुलिंबाची बारीक पांढरी फुले ताटात पडतात, त्यावर मात्र काही उपाय नाही. एखाद्या पाहुण्याने फूल बोटाने उचलून दाखवले, तर आम्ही गुढीपाडव्याचा प्रसाद समजावा अशी विनंती करतो.

उन्हाळ्यातल्या पदार्थांचेही स्वतंत्र शास्त्र आहे. नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा साधारण ४३० ते ४८० अंश सेल्सिअस तापलेल्या भट्टीत ६० ते ९० सेकंदांत भाजून निघतो, हे पुस्तकात वाचता येते. पण मे महिन्यात स्वयंपाकघरच ३५ अंशांवर असताना पिठाचे काय होते, हे स्वतःच अनुभवावे लागते. हिवाळ्याच्या प्रमाणाने यीस्ट घातले, तर चार तासांत पीठ फुगून आंबट होते आणि भाजताना कागदासारखे फाटते. आम्ही यीस्ट अर्ध्याहून कमी केले, पीठ थंड पाण्यात मळले आणि चोवीस तास शीतकपाटात मंदपणे आंबू दिले, तेव्हा कुठे कडांना हवे तसे फुगे आणि करपल्याचे ठिपके येऊ लागले.

चीजच्या बाबतीत आपला प्रांत भाग्यवान आहे, असे माझे ठाम मत आहे. इटलीतील कांपानिया भागातला नावाजलेला मोझरेला म्हशीच्या दुधाचा असतो; १९९६ साली युरोपीय संघाने त्या नावाला संरक्षण दिले. आपल्याकडे म्हशीच्या दुधाची वाण कधीच नव्हती. सुमारे सात टक्के स्निग्धांश असलेले ते दूध रोज पहाटे आमच्याकडे येते, त्याचे विरजलेले घट्ट दही गरम पाण्यात ताणून ताणून लवचिक केले जाते आणि हाताने तोडून गोळे केले जातात. मोझरेला हे नावच तोडणे या अर्थाच्या क्रियापदावरून आलेले आहे. परदेशातून गोठवून आलेल्या चीजपेक्षा सकाळी तोडलेला आणि संध्याकाळी कापलेला हा गोळा, वर मिठाचे चार दाणे आणि ऑलिव्ह तेल, उन्हाळ्यात आमच्याकडे सर्वाधिक मागवला जातो. जाता जाता सांगते: पास्त्यावर किसून घालतात ते पार्मिजानो रेजानो हे कठीण इटालियन चीज वासराच्या जठरातील विरजणाशिवाय करता येत नाही, तसा त्याच्या मूळ नियमावलीचाच दंडक आहे, आणि पुण्यात शाकाहारी म्हणून पास्ता मागवणाऱ्या अनेकांना याची कल्पना नसते. आम्ही ते खाद्यपत्रिकेवर स्पष्ट छापतो आणि शाकाहारी पाहुण्यांना वनस्पतिजन्य विरजणाचे कठीण चीज देतो. यामुळे काही मागण्या रद्दही झाल्या, पण ज्यांच्या रद्द झाल्या त्यांतले बरेच जण पुढच्या आठवड्यात आईवडिलांना घेऊन आले.

पाऊस हा आमचा खरा वैरी. जूनमध्ये अंगण बंद झाले, की सोळा टेबलांची चार टेबले होतात. नोकरांचे पगार आणि भाडे मात्र सोळा टेबलांचेच राहते. त्यामुळे तीन महिन्यांच्या उन्हाळ्याने चार महिन्यांचा पावसाळा पोसायचा, असे आमचे गणित होते. त्यातच मे महिन्यात संध्याकाळी वळीव येतो. एका रविवारी साडेआठला वीज चमकली आणि पाच मिनिटांत टपोऱ्या थेंबांनी अंगण झोडपले. बाराही टेबलांवरचे पाहुणे स्वतःची ताटे उचलून आत धावले, दिवाणखान्यात चार टेबलांभोवती चाळीसहून अधिक माणसे उभी राहिली आणि अनोळखी कुटुंबांनी एकमेकांच्या ताटांतला पिझ्झा वाटून खाल्ला. त्या रात्री आम्ही कोणाकडूनही पैसे घेतले नाहीत. प्रसंग आठवायला रम्य असला, तरी त्या महिन्याचा ताळेबंद रम्य नव्हता. तेव्हापासून मे महिन्यात दूरध्वनीवर टेबल राखून ठेवताना, वळीव आल्यास आत जागा मिळेलच असे नाही, हे आम्ही आधीच सांगतो.

नोव्हेंबर २०१७ पासून उपाहारगृहांवरील जीएसटी पाच टक्क्यांवर आला, त्याचा पाहुण्यांना फायदा झाला. आम्हाला मात्र खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळणे थांबले. तेही सावरले. खरा घाव पुढे बसला. मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदी लागली आणि ती नेमकी आमच्या हंगामाच्या तोंडावर लागली. ऑक्टोबर २०२० मध्ये राज्यातील उपाहारगृहे निम्म्या क्षमतेने उघडली खरी, पण एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा केवळ पार्सलवर आलो. ज्या दोन उन्हाळ्यांवर आमचे वर्ष चालायचे, ते दोन्ही गेले. पिझ्झा खोक्यातून घरी पोचतो, पण पास्ता वीस मिनिटांत गोळा होतो. त्यामुळे अर्धी खाद्यपत्रिका निरुपयोगी ठरली.

टेबले एकावर एक रचून ठेवलेल्या त्या रिकाम्या अंगणात पहिल्यांदा काही मांडले, ते माझ्या सासूबाईंनी. त्या मूळच्या अमरावतीच्या. उन्हाळा आला की हाताला वाळवणाचे काम हवेच, म्हणून त्यांनी दोन खाटा बाहेर काढल्या, त्यांवर धुतलेली धोतरे अंथरली आणि सरगुंडे करायला बसल्या. ज्यांनी सरगुंडे पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी सांगते: घट्ट मळलेल्या कणकेची सुतळीसारखी वळी करायची, ती बारीक काडीभोवती गुंडाळायची, तळहाताने हलकेच फिरवायची आणि काडी अलगद ओढून घ्यायची; मागे उरते ती पोकळ, वेटोळ्यांची नळी. विदर्भात ती वाळवून ठेवतात आणि उकडून आमरसाबरोबर खातात. माझे पती दारात उभे राहून बराच वेळ त्यांचे हात पाहत होते. शेवटी म्हणाले, "आई, हे तर इटलीत लोखंडी सळईवर करतात." सासूबाईंनी मान वर न करता उत्तर दिले, "मग त्यांना सांग, काडीवर केलं तर लोखंडाचा डाग पडत नाही."

दक्षिण इटलीत, विशेषतः कालाब्रियात, अशा सळईवर वळलेल्या मॅकरोनीला फेरेत्तोची मॅकरोनी म्हणतात. फेरेत्तो म्हणजे ती सळई. बारी शहराच्या जुन्या वस्तीत बायका आजही घराबाहेर गल्लीत टेबल मांडून कानाच्या पाळीच्या आकाराचा पास्ता करतात आणि तिथेच चाळण्यांवर वाळवतात. आपल्याकडच्या नखुल्या, गव्हले, मालत्या, बोटवे ही त्याच जातीची कला आहे. आपण ती लग्नाच्या रुखवतापुरती आणि खिरीपुरती ठेवली, एवढेच. सासूबाईंच्या सरगुंड्यांवर त्या संध्याकाळी आम्ही टोमॅटो, लसूण आणि सुक्या लाल मिरचीचा रस्सा घातला, आणि त्यांच्या वेटोळ्यांत रस्सा जसा अडकून राहतो, तसा तो आमच्या यंत्राने काढलेल्या पास्त्यात कधीच अडकला नव्हता.

त्यानंतरचे काम धीम्या गतीने झाले. साध्या कणकेचे सरगुंडे उकळताना मऊ पडत होते, म्हणून बन्सी गव्हाचा, म्हणजे शास्त्रीय भाषेतल्या ड्युरम गव्हाचा, बारीक रवा वापरला. कडक उन्हात वाळवले, तर बाहेरचा थर आधी आक्रसतो, आत ओल राहते आणि दुसऱ्या दिवशी नळीला उभ्या चिरा जातात. शेडनेटच्या सावलीत, वाऱ्यावर दोन दिवस वाळवले, की त्या जात नाहीत. म्हणजे फरशी थंड ठेवण्यासाठी आणलेली जाळीच शेवटी उपयोगी पडली. परवान्यात उत्पादनाची स्वतंत्र नोंद करून घेतली, अर्ध्या किलोची पाकिटे केली आणि शेजारपाजारच्या आठ महिलांना मजुरीवर काम दिले. सासूबाई त्यांच्या प्रमुख आहेत. नळी जाड झाली, तर ती त्या बिनदिक्कत मोडून पुन्हा करायला लावतात. आज पावसाळ्यातील आमचे जवळपास निम्मे उत्पन्न या पाकिटांचे आहे आणि अंगण बंद असताना एकाही नोकराला सुटी द्यावी लागत नाही.

२०२५ साली मोसमी पाऊस मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यातच राज्यात येऊन धडकला आणि खाटांवरचा चाळीस किलो माल एका दुपारी भिजला. त्याचे काही करता आले नाही. तो गुरांना गेला. आता पंचवीस मेनंतर नवे पीठ भिजवायचे नाही असा आमचा नियम आहे. बाकी मार्चपासूनचा दिनक्रम ठरलेला आहे: सकाळी जाळी ताणून खाटा मांडायच्या, साडेतीनला वाळलेला माल आत घ्यायचा, चार वाजता सडा, सहाला टेबलांवर चादरी आणि सात वाजता भट्टीत पहिले लाकूड नव्हे, तर पहिला पिझ्झा, कारण लाकूड त्याच्या दोन तास आधी पेटवावे लागते. खाद्यपत्रिकेवर त्या पास्त्याचे नाव मुलांनी इटालियन ठेवायचे सुचवले होते. सासूबाईंना विचारल्यावर त्यांनी नकार दिला. तिथे 'सरगुंडे' असेच छापलेले आहे, आणि ते काय असते हे विचारणाऱ्या पाहुण्याला वाढपी आधी एक काडी नेऊन दाखवतो.